मिनीडीएसपी २×४ एचडी: एका हॉलमधले चार सबवूफर एकमेकांशी जुळवणारा डबा

हातात मावेल एवढा हा काळा डबा. त्याला ना पडदा, ना आवाजाचं बटण. होम थिएटरचा रिसीव्हर (स्पीकरना सिग्नल पुरवणारा अॅम्प्लिफायर) आणि सबवूफर (फक्त बेस, म्हणजे खालचे सूर वाजवणारा स्पीकर; पुढे नुसतं सब) यांच्या मध्ये तो जोडायचा. एका सिग्नलचे तो चार करतो आणि प्रत्येकाला वेगळी पातळी, वेगळा विलंब आणि वेगळे इक्वलायझर फिल्टर (ठरावीक सूर वाढवणारे किंवा कमी करणारे) देतो. घरात एकच सबवूफर असेल तर याच्यावर पैसे घालू नका. दोन, तीन किंवा चार असतील आणि एक दिवस मायक्रोफोन घेऊन बसायची तयारी असेल, तर मात्र मुंबईच्या फ्लॅटमधल्या हॉलसाठी याच्याइतका उपयोगी पडणारा दुसरा खर्च नाही. असं का, ते समजण्यासाठी आधी हॉलकडे पाहावं लागतं.

समजा, हॉल १६ फूट लांब, ११ फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे. ५६७ला फुटांनी भागलं की त्या दिशेचा पहिला अनुनाद, म्हणजे पहिला मोड, हर्ट्झमध्ये मिळतो. लांबीचा येतो सुमारे ३५, रुंदीचा ५२, उंचीचा ६३. लांबीचा दुसरा मोड पहिल्याच्या दुप्पट, म्हणजे ७१ हर्ट्झ. आपल्याकडे आरसीसीचा सांगाडा, विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती, वर प्लास्टर आणि खाली व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. यातलं काहीच हलत नाही आणि खालचे सूर शोषत नाही. परदेशातल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत भिंती थोड्या लवचिक असतात आणि बेसचा काही भाग गिळतात. म्हणून तिकडचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्या हॉलमध्ये हे मोड जास्त टोकदार असतात आणि आवाज थांबला तरी जास्त वेळ रेंगाळतात.

आता एकुलता सब टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, तर तिथे बसणाऱ्याचं डोकं ३५ आणि ७१ या दोन्ही मोडच्या जोरदार पट्ट्यात येतं. बेस घुमतो, संवाद गढूळ होतात. त्याच वेळी हॉलच्या बरोबर मध्यावर खुर्ची टाकून बसलेल्याला ३५ हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही, कारण पहिल्या मोडचा शून्यबिंदू नेमका तिथे असतो. रिसीव्हरमधला इक्वलायझर लावून ३५ हर्ट्झ ८ डेसिबलनं खाली आणलं, तर सोफ्यावरचा घुमारा जातो, पण मधल्या खुर्चीवर आधीच नसलेला सूर आणखी ८ डेसिबल खाली जातो. इक्वलायझर सगळ्या जागांना सारखाच बदलतो. दोन जागांमधला फरक त्याला हलवता येत नाही. तो फरक फक्त आवाजाचे स्रोत वाढवून आणि नीट जागी ठेवून कमी होतो. चार सब हवेत ते याचसाठी. भिंती हादरवणं हा त्यामागचा हेतू नाही.

हार्मन या ऑडिओ कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोल्यांसाठी हे पद्धतशीर मांडलं. प्रत्येक भिंतीच्या मध्यावर एक असे चार सब, किंवा समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन. यामागचं गणित सोपं आहे. लांबीच्या पहिल्या मोडमध्ये पुढच्या आणि मागच्या भिंतीजवळचा हवेचा दाब एकमेकांच्या उलट दिशेनं बदलतो. दोन्ही भिंतींवरचे सब एकाच दिशेनं ढकलत असले की तो मोड उठतच नाही. रुंदीच्या पहिल्या मोडचा शून्यबिंदू या दोन्ही सबच्या जागेवरच येतो, त्यामुळे तोही शांत राहतो. उरतो ७१ हर्ट्झचा दुसरा मोड. तो दोन्ही टोकांना एकाच दिशेनं असतो, त्यामुळे दोन सब मिळून तो उलट वाढवतात. बाजूच्या भिंतींच्या मध्यावरचे तिसरा आणि चौथा सब इथे कामाला येतात, कारण त्या जागी हाच मोड उलट्या दिशेचा असतो. दोन विरुद्ध दोन, आणि हिशेब मिटतो. उंचीचा ६३ हर्ट्झचा मोड मात्र चौघांनाही टाळता येत नाही, कारण सगळे जमिनीवर आहेत. सुदैवानं बसलेल्या माणसाचे कान सव्वातीन-साडेतीन फुटांवर असतात आणि त्या मोडचा शून्यबिंदू साडेचार फुटांवर. म्हणून तो फारसा त्रास देत नाही.

कागदावर हे देखणं दिसतं. प्रत्यक्ष हॉलमध्ये एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार असतं, दुसऱ्या बाजूला बेडरूमकडे जाणारा पॅसेज, आणि दोन्हींचा मध्य नेमका येण्याजाण्याच्या वाटेवर. बाजूचे दोन्ही सब दोन-दोन फूट पुढे सरकवावे लागले, तर ७१ हर्ट्झवरची त्यांची पकड सुमारे ७० टक्क्यांवर येते. या जोडीची पातळी ३ डेसिबलनं वाढवली की ती भरून निघते. पण आता दोघेही मध्याच्या एकाच बाजूला आहेत, म्हणून ३५ हर्ट्झ पुन्हा जागा होतो. त्यापेक्षा एक दोन फूट पुढे आणि त्याच्या समोरचा दोन फूट मागे ठेवा. ३५ शांतच राहतो. बदल्यात ६३ हर्ट्झच्या आसपास एक तिरपा मोड (लांबी आणि रुंदी दोन्हींत एकदम उठणारा) थोडा डोकं वर काढतो, कारण योगायोगानं या मापाच्या हॉलमध्ये तोही तिथेच पडतो. पण ३५चा घुमारा सोसण्यापेक्षा ६३चा हलका उंचवटा फिल्टरनं कापणं कितीतरी सोपं. चारही सबची पातळी वेगवेगळी हाताळता आली नाही, तर अशी तडजोड करताच येत नाही. या डब्याची किंमत इथे वसूल होते.

हॉल इंग्रजी एल आकाराचा असेल, जेवणाचा भाग एका बाजूला वळलेला असेल, तर वरचं सूत्र विसरा. तिथे सब जिथे मावतील तिथे ठेवायचे, फक्त दोन जवळजवळ ठेवायचे नाहीत, आणि बाकी मोजमापावर सोडायचं.

सबची निवड थोडक्यात. चारही एकाच मॉडेलचे घ्या, ८ किंवा १० इंची, बंद पेटीचे. चार सब एकाच ठेक्यात ढकलतात तेव्हा अगदी खालच्या सुरांत एकाच्या तुलनेत १२ डेसिबलपर्यंत जास्त दाब मिळतो, त्यामुळे छोट्या सबनाही ओढाताण करावी लागत नाही. पोर्टवाला (पेटीला हवेचं भोक असलेला) आणि बंद पेटीचा असे मिसळलात, तर पोर्टच्या ट्युनिंगजवळ दोघांचा फेज (लहरीची पुढेमागे वेळ) वेगळा वळतो आणि जुळवणी डोकेदुखी होते. कोनची कडा रबराची आहे का, तेही पाहा. फोमची कडा मुंबईच्या दमटपणात काही वर्षांत भुगा होते. ओल येणाऱ्या भिंतीपासून पेटी हातभर लांब ठेवा, कारण एमडीएफ पाणी पितं आणि फुगतं.

आता डब्याकडे. मागे दोन आरसीए इनपुट, चार आरसीए आउटपुट, यूएसबी आणि ऑप्टिकल इनपुट, १२ व्होल्टचा अडॅप्टर. आतलं काम ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुन्यांवर चालतं. प्रत्येक चॅनेलला १० पॅरामेट्रिक फिल्टर आणि प्रत्येक आउटपुटला ८० मिलिसेकंदांपर्यंत विलंब मिळतो. एक मिलिसेकंद म्हणजे साधारण साडेतेरा इंच, त्यामुळे घरातल्या कुठल्याही हॉलला ही मर्यादा पुरून उरते. चार प्रीसेट साठवता येतात. सेकंडहँड बाजारात जुना साधा २×४ स्वस्तात दिसतो. तो घेऊ नका. तो ४८ किलोहर्ट्झवर चालतो, फिल्टर कमी आहेत आणि विलंबाची मर्यादा अपुरी पडते.

जोडणी अशी: रिसीव्हरच्या सबवूफर आउटपुटमधून एक केबल इनपुट १ला, लॅपटॉपवरच्या मिनीडीएसपीच्या अॅपमध्ये इनपुट १ चारही आउटपुटना वळता करायचा, आणि चार केबल चार सबना. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा, रिसीव्हरमध्येच ८० हर्ट्झवर ठेवा. प्रत्येक सबवरचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत वर न्या किंवा एलएफईवर (सबचा स्वतःचा क्रॉसओव्हर बाजूला ठेवणारी खूण) ठेवा. नाहीतर दोन फिल्टर एकामागोमाग लागतात आणि वर आणखी विलंब येतो. फेज शून्यावर, ऑटो-ऑन (सिग्नल आला की आपोआप चालू होणं) बंद. ऑटो-ऑन चालू राहिलं तर हळू आवाजाच्या स्वीपमध्ये (मोजणीसाठी वाजवलेल्या, खालून वर चढत जाणाऱ्या सुरात) एखादा सब झोपलेलाच राहतो आणि आलेख बिघडतो. मागचा सब उलट पोलॅरिटीवर (बाकीचे ढकलतात तेव्हा हा ओढतो असा) राहिला आहे का, हेही आधीच तपासा. तसं असेल तर ३० हर्ट्झच्या खालचा बराच जोर नाहीसा होतो आणि नको असलेला मोड दुप्पट जोरात उठतो.

लांब केबल विकत घ्यायची गरज नाही. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर आरजी-५९ कोअॅक्शियल केबल मापानं कापून मिळते. दोन्ही टोकांना चांगले आरसीए प्लग सोल्डर करून घ्या. फिरकी घालून बसवायचे प्लग टाळा, सैल होतात. १० मीटरला बेसच्या पट्ट्यात काही फरक पडत नाही. भिंतीच्या कडेनं केसिंग पट्टीतून केबल नेली की काम दिसत नाही आणि पायातही येत नाही.

मोजणीला यूमिक-१ हा यूएसबी मायक्रोफोन घ्या. प्रत्येक नगाची कॅलिब्रेशन फाइल त्याच्या सीरियल नंबरवर कंपनीच्या साइटवरून मिळते. मोजणीचं सॉफ्टवेअर आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड), मोफत. लॅपटॉप एचडीएमआयनं रिसीव्हरला जोडा. यूएसबी मायक्रोफोनला वेळेचा संदर्भ तारेनं देता येत नाही, म्हणून आरईडब्ल्यूमध्ये अकूस्टिक टायमिंग रेफरन्स निवडा आणि समोरचा एक स्पीकर त्यासाठी राखून ठेवा. ही पायरी गाळली तर सबमधला वेळेचा फरक कळत नाही आणि पुढची सगळी आकडेमोड वाया जाते. मायक्रोफोन स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. सीलिंग फॅन बंद करायचा, कारण त्याचा वारा मायक्रोफोनवर खालच्या सुरांचा गोंगाट लिहितो. एसी आणि फ्रिजही थोडा वेळ बंद. इमारत रेल्वेलाइनजवळ असेल तर लोकल जाते तेव्हा थांबा आणि स्वीप लांब ठेवा.

पातळी ७५ डेसिबलच्या आसपास ठेवून १० ते २०० हर्ट्झ स्वीप करा. अॅपमध्ये तीन आउटपुट म्यूट करायचे, चौथा एकटा मोजायचा. चार सब आणि सोफ्यावरच्या तीन जागा म्हणजे बारा मोजण्या. प्रत्येक फाइलला लगेच नाव द्या. आलेख बघताना स्मूदिंग (रेषा गुळगुळीत करणं) बंद. काच खडखडली किंवा सरकत्या खिडकीचा पल्ला वाजला, तर आधी तिथे फेल्टची पट्टी लावा, मग पुढे जा.

यानंतरचा टप्पा सर्वात जास्त चुकवला जातो. रिसीव्हरची स्वयंचलित मोजणी सोफ्यावर प्रत्येक सबची पातळी सारखी करते आणि अंतरानुसार जवळच्या सबला उशीर लावते. मांडणी सममित असेल तर हे दोन्ही चूक आहे. मोड एकमेकांना मारतात ते सबचा स्वतःचा जोर सारखा असला आणि सगळे एकाच क्षणी ढकलत असले तरच. म्हणून सममित मांडणीत चौघांची पातळी कोनपासून दोन इंचांवर मायक्रोफोन धरून सारखी करायची आणि विलंब चौघांनाही शून्य. मांडणी वाकडीतिकडी असेल तर हाताचा अंदाज सोडून द्या आणि मल्टी-सब ऑप्टिमायझर वापरा. विंडोजवर चालणारं हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. बारा मोजण्या त्यात घातल्या की जागांमधला फरक सर्वात कमी करणारी पातळी, विलंब आणि फिल्टर ते शोधून देतं. त्याला मर्यादा घालून द्यायला विसरू नका: विलंब २० मिलिसेकंदांपर्यंत आणि फिल्टरनं उचलणं ३ डेसिबलपर्यंतच. मोकळं सोडलं तर आकडे सुंदर दिसतील, पण एखादा सब दुसऱ्याशी नुसता भांडण्यात ताकद घालवेल.

फिल्टर डब्यात चढवताना आरईडब्ल्यूमध्ये इक्वलायझर म्हणून २×४ एचडीच निवडला आहे ना, ते दोनदा पाहा. ४८ किलोहर्ट्झसाठी काढलेले आकडे ९६वर चालणाऱ्या डब्यात गेले की प्रत्येक फिल्टर दुप्पट हर्ट्झवर लागतो. ३५चा घुमारा तसाच राहतो आणि ७० हर्ट्झला विनाकारण खड्डा पडतो. हे झालं की चौघांवर मिळून दिसणारे उरलेसुरले उंचवटे इनपुटच्या फिल्टरनं कापा. खड्डे भरायच्या मागे लागू नका. शून्यबिंदूवर १० डेसिबल ओतले तरी तिथे काही येत नाही, अॅम्प्लिफायर मात्र तापतो.

मग रिसीव्हरची ऑडिसी किंवा डिरॅक (आवाज आपोआप दुरुस्त करणाऱ्या प्रणाली) मोजणी, चारही सब मिळून एकच सब आहे असं समजून. क्रम उलटा केलात तर सगळं पुन्हा करावं लागेल. शेवटी मुख्य स्पीकर आणि सब एकत्र मोजा. ८० हर्ट्झला खळगा दिसला तर रिसीव्हरमधलं सबचं अंतर एक-एक फुटानं बदला आणि खळगा भरेल तिथे थांबा. डब्याच्या स्वतःच्या प्रक्रियेला लागणारा थोडा वेळही याच आकड्यात सामावतो, म्हणून रिसीव्हरनं दाखवलेलं अंतर टेपच्या मापापेक्षा जास्त आलं तर घाबरू नका.

उणिवा आहेत. पहिली आउटपुटची. ते २ व्होल्टचं आणि अनबॅलन्स्ड (गुणगुण सहज पकडणारी साधी जोडणी) आहे. घरगुती सबला पुरतं, पण व्यावसायिक अॅम्प्लिफायर वापरणाऱ्यांना कमी पडू शकतं. इनपुटचा मीटर सर्वात दणदणीत प्रसंगातही टोकाला जाऊ देऊ नका. रिसीव्हरमधली सबची पातळी खाली आणा आणि सबवरची वाढवा.

दुसरी गुणगुणीची. चार सब चार वेगवेगळ्या सॉकेटवर आणि सगळ्यांच्या आरसीए केबल एका डब्यात, म्हणजे ५० आणि १०० हर्ट्झच्या गुणगुणीला आमंत्रणच. जुन्या चाळीतल्या आणि जुन्या इमारतींतल्या अर्थिंगवर तर भरवसा ठेवू नये. आधी केबल टीव्हीची किंवा डिशची कोअॅक्शियल सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा, बऱ्याचदा दोषी तीच असते. मग चारही सब, रिसीव्हर आणि डबा एकाच सर्किटवरून चालवून पाहा. तरी राहिलं तर आरसीए लाइनवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन उपकरणांमधली थेट तारेची जोडणी तोडणारा), पण चांगला. स्वस्तातला अगदी खालचे सूर खातो, आणि त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. थ्री-पिन प्लगची अर्थची पिन कापायची नाही. गुणगुण थांबते, पण जिवावर बेतू शकतं.

रात्रीसाठी दुसरा प्रीसेट ठेवा: ५० हर्ट्झच्या खाली ६ ते ८ डेसिबल कमी करणारा लो-शेल्फ. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण ती ए-वेटिंगमध्ये (कानाप्रमाणे खालचे सूर कमी धरणाऱ्या पद्धतीत) मोजतात, आणि ४० हर्ट्झला ते वेटिंग ३४ डेसिबलहून जास्त वजा करतं. मीटर शांत दिसला तरी स्लॅबमधून वरच्या मजल्यावर हादरा पोचतोच. सबखाली रबरी पाय लावा. त्यानं स्वतःच्या घरातली फरशी आणि फर्निचर थरथरायचं थांबेल. हवेतून भिंतीपर्यंत पोचणारा बेस मात्र त्यानं कमी होत नाही, तो प्रीसेटनंच कमी करावा लागतो.

पर्याय दोन. डेनॉन एव्हीआर-एक्स३८००एचमध्ये सबची चार स्वतंत्र आउटपुट आहेत. त्यावर पैसे भरून डिरॅकचं बेस कंट्रोल घेतलं तर हा डबा न लागण्याचीही शक्यता आहे, आणि नवा रिसीव्हर घ्यायचाच असेल तर तो मार्ग अधिक सुटसुटीत. पण नुसत्या ऑडिसीवर तिथे प्रत्येक सबला स्वतःचे फिल्टर मिळत नाहीत, पातळी आणि विलंब वेगळे आणि इक्वलायझर सामाईक. वेड्यावाकड्या हॉलमध्ये हा फरक ऐकू येतो. दुसरा पर्याय याच कंपनीचा फ्लेक्स, बॅलन्स्ड जोडणीसह. केबल लांब असतील आणि सबना एक्सएलआर इनपुट असतील तर गुणगुणीच्या भीतीपायी जास्तीचे पैसे तिथे घालणं योग्य ठरेल.

आधी मायक्रोफोन मागवा, डबा नंतर. सध्याच्या एका सबचा आलेख सोफ्याच्या दोन टोकांना आणि मधल्या खुर्चीवर काढा. तिन्ही रेषा ३० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींना चिकटून चालल्या असतील आणि फक्त एखादा सामाईक उंचवटा असेल, तर रिसीव्हरमधला इक्वलायझर पुरे. रेषा कात्रीसारख्या उघडल्या असतील, एका जागी शिखर आणि दुसऱ्या जागी दरी, तर दुसरा सब आणि हा डबा एकाच वेळी घ्या. तिसरा आणि चौथा सब त्यानंतरच्या मोजणीवर ठरवता येतो.